एका फ्लास्कचे दोन आलेख

"कोण जुलेखा?"

तू गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे होतं. मंगळवारची दुपार होती, दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. ऑफिसातले क्लार्क लॅबच्या दारात आले, आत यावं की नको म्हणून जरा थांबले, आणि म्हणाले, "मॅडम, धुळ्याहून फोन होता. सलीम म्हणून कोणी. जुलेखा वारल्या म्हणे." आणि मी विचारलं, कोण जुलेखा. जशा काही माझ्या ओळखीत दहाबारा जुलेखा आहेत. ते बिचारे गोंधळले. "ते नाही विचारलं मॅडम." मी मान डोलावली, वळले आणि शेजारच्या मुलीच्या स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून दिला. तिला म्हटलं, आता बघ, दिसेल. तिला दिसलं. मला त्यानंतरचा अर्धा तास आठवत नाही.

तू पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी यायची होतीस. प्राचार्यांकडून मी लॅबची किल्ली मागून घेतली होती. साखरेच्या दोन्ही बाटल्या कपाटातून काढून टेबलावर ठेवल्या होत्या. म्हणजे तू येणार हे इतकं नक्की होतं, की मरण्यासारखी गोष्ट त्याच्या मधे येईल कशी, हेच मला कळेना. तीस वर्षांची बाई. सोमवारी संध्याकाळी फोनवर मला झापणारी. "सुजा, कलरीमीटरचा दिवा बदलून ठेव हां, नाहीतर मी आल्यावर धावपळ करशील." मी बदलला होता गं. मंगळवारी सकाळीच.

एस.टी.त बसले. एरंडोल गेलं, पारोळा आलं. पारोळ्याला एक माणूस पिंजऱ्यात दोन कोंबड्या घेऊन चढला आणि कंडक्टरनं कोंबड्यांचं तिकीट मागितल्यावर म्हणाला, "साहेब, या तर मन्या मांडीवर बसेल शेत." माझ्याच मांडीवर बसल्यात म्हणे. मी हसले. आणि हे जुलेखाला सांगायचं म्हणून मनात बाजूला ठेवलं. धुळं येईपर्यंत अशा तीन गोष्टी मी तुला सांगायला जमवल्या होत्या. मी निघाले होते कशासाठी ते माहीत होतं, तरीसुद्धा.

पोचले तेव्हा तुला नेलेलं होतं. मी तुझा चेहरा पाहिला नाही. त्यामुळे अजूनही, हे लिहितानासुद्धा, मला वाटतं की कुठेतरी चूक झाली असेल आणि ती सापडेल.

तुझ्या लॅबमधल्या सलीमनं सांगितलं ते एवढंच. सकाळी तू तीन पेशंटांच्या लघवीची कल्चर लावलीस. मग म्हणालीस, डोकं फार दुखतंय. खुर्चीत बसलीस. सलीम पाणी घेऊन येईपर्यंत मान कलली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली. सलीम हे सांगत होता आणि मी, शिकलेली बाई, दोन पदव्यांची, त्याला विचारत होते, "पण पाणी प्यायली का ती?"

तुझी आणि माझी ओळख कापसामुळे झाली. फर्स्ट इयरला टेस्ट ट्यूबची कापसाची बुचं करायची होती. आम्ही सगळ्या चिंध्या कोंबल्यासारखा कापूस कोंबत होतो आणि तू एका चिमटीत कापूस घेऊन, फिरवून, असं बूच केलंस की नळी उलटी धरली तरी पडेना. सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? तू म्हणालीस, "सर, माझे अब्बा पिंजारी आहेत. आमच्याकडे कापसाशिवाय दुसरं काही नाहीच." वर्ग हसला. तूही हसलीस. मला मात्र तुझा हेवा वाटला. माझे आबा वरणगावला कारखान्यात हमाली करतात हे मी तोवर कॉलेजात कोणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, फॅक्टरीत आहेत.

तू जळगावात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायचीस, मी रोज भुसावळवरून अपडाउन करायचे. गाडी चुकली की माझी हजेरी तू लावायचीस, आवाज बदलून. एकदा दोघींचे नंबर पाठोपाठ आले आणि तू एकाच आवाजात दोनदा "येस सर" म्हणालीस. सरांनी वर बघितलं. तू म्हणालीस, "सर, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल म्हणून." अशी होतीस तू. तोंडावर खोटं बोललीस तरी त्यात कोणाचं नुकसान नसायचं.

माझ्या खोट्याचं तसं नाही.

जुलेखा, मला आता ते सांगायचं आहे. तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं की नाही, खरंच सांगू, मला माहीत नाही. त्या रविवारी मी सांगितलं असतं असं आता म्हणणं सोपं आहे.

तिसऱ्या वर्षी वाढीच्या आलेखाचा प्रयोग होता. पाण्यात क्षार, थोडी साखर आणि इ. कोलाय. दर पंधरा मिनिटांनी थोडं द्रावण काढायचं, कलरीमीटरमध्ये ठेवायचं, काटा बघायचा. जिवाणू वाढले की द्रावण गढूळ होतं, काटा चढतो. सकाळी लवकर सुरू करायचं आणि दिवस मावळेपर्यंत चालवायचं. दोघींत एक फ्लास्क. मार्चमधलं जळगाव, तू म्हणालीस, वॉटर बाथ कशाला, फ्लास्क खिडकीत ठेवला तरी चालेल, फक्त उकडून मरणार नाहीत एवढं बघू.

ग्लुकोजची बाटली तळाला गेली होती. लॅब सांभाळणारे नाना म्हणाले, "नवी येवाले टाइम शे." तू म्हणालीस, मग काय करू? नानांनी लॅक्टोजची बाटली पुढे केली. "बठ्ठी साखर गोडच ऱ्हास. टाक कोनतीबी." तू ग्लुकोज होतं तेवढं टाकलंस आणि उरलेलं वजन लॅक्टोजनं भरलंस. कच्च्या वहीत तसं लिहिलंससुद्धा. मी बघत होते.

बारापर्यंत काटा छान चढला. मग थांबला. सव्वाबारा, तोच आकडा. साडेबारा, तोच. पावणेएक, तोच. आपण दोघींनी डोळे चोळले. तू फिल्टर काढून पुसलास. नाना येऊन बघून गेले. एकनंतर काटा पुन्हा चढायला लागला, जणू काही झालंच नव्हतं. तुझ्या कच्च्या वहीत आलेखाच्या मधोमध एक पायरी उमटली.

आता आपल्याकडची रीत काय होती हे तुला वेगळं सांगायला नको. सिनिअरचं जर्नल. खाकी कव्हरचं, चहाचे डाग पडलेलं, तीन बॅचच्या हातून आलेलं. प्रयोग करायचा कच्च्या वहीत, आणि पक्क्या वहीत आलेख काढायचा त्या जर्नलमधून, कारण तो सरांनी एकदा 'उत्तम' म्हटलेला होता. सगळा वर्ग तसंच करायचा. आमच्या बॅचचे सगळे आलेख एकाच आईच्या पोटचे. मीही तेच केलं. मी तुला म्हटलंसुद्धा, "अगं, ही पायरी दाखवलीस तर सर खाऊन टाकतील." तू म्हणालीस, "पण आली ना ती. मग कुठे घालवू?"

सरांनी दोन्ही जर्नलं शेजारी ठेवली. "एक फ्लास्क, दोन आलेख. तुमच्यात फारकत झाली की काय?" मग तुझ्या पायरीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे पाऊण तास काटा जागचा हलत नाही. जिवाणू जेवायला गेले होते, की तुम्ही?"

वर्ग खदखदून हसला. तू म्हणालीस, "सर, काटा खरंच हलला नाही. आम्ही दोघी बघत होतो."

सर माझ्याकडे वळले. माझ्या आलेखावर बोट ठेवलं. "ही रीडिंग तू स्वतः घेतलीस?"

मी म्हटलं, "हो सर."

दोन शब्द. मी ते हळू म्हटले असंही नाही. स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातील असे म्हटले.

का म्हटले? प्रवेशाची यादी लागली होती तेव्हा माझं आडनाव वाचून एक मुलगा मागून म्हणाला होता, यांचं काय, यांना जागा राखूनच ठेवलेली असते. त्या दिवशी मी ठरवलं होतं की माझ्या वहीत एकही चूक कोणाला सापडता कामा नये. आबा बुद्धविहारात सांगत सुटले होते, माझी पोरगी सायन्सला आहे. त्या पोरीला सगळ्या वर्गासमोर खोटी म्हटलेलं मला चाललं नसतं. म्हणून मी तुला खोटी ठरू दिलं. तूही तर तुमच्या मोहल्ल्यातली कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी होतीस. तुझ्यामागे तरी कोण उभं होतं? हे कारण आहे, जुलेखा. सबब म्हणून नाही सांगत.

सरांनी तुझ्या पानावर लाल शाईत लिहिलं, 'रीडिंग न घेता भरले.' पान रद्द केलं.

बाहेर आल्यावर तू भांडशील असं मला वाटलं होतं. मी भांडणाच्या तयारीत होते, उत्तरंही जुळवून ठेवली होती. तू नुसतं विचारलंस, "सुजा, तू ती रीडिंग कधी घेतलीस?"

"दुसऱ्या दिवशी. मी परत लावला होता प्रयोग."

"एकटीनं?"

"हो."

तू आपल्या हातांकडे बघितलंस. मग म्हणालीस, "म्हणजे माझंच कुठेतरी चुकलं. फ्लास्क नीट हलवला नसेन."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. वर्ग नव्हता, सर नव्हते, कोणी नव्हतं.

मग मुलांनी तुझं नाव पायरी ठेवलं. ए पायरी, बाजूला हो. पायरी आली, चढा रे. तू "चढ, आणि पडू नकोस" म्हणून परतवायचीस. त्या पानाचे मार्क गेले आणि तुझा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. तो फक्त त्या पानामुळेच हुकला, असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय. मी एम.एस्सी.ला पुण्याला गेले. तू लॅबचा डिप्लोमा केलास आणि अब्बांच्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात सूक्ष्मदर्शक मांडलास. मागे गाद्या, पुढे रक्त-लघवी. तू म्हणायचीस, पेशंटला रिपोर्ट बघून चक्कर आली तर झोपायची सोय आहे.

पुण्यात पहिल्याच सहामाहीत मॅडमनी फळ्यावर एक आलेख काढला. चढला, थांबला, पुन्हा चढला. मी वहीवर पेन टेकवलेलं होतं, ते तिथंच राहिलं. मॅडम सांगत होत्या, दोन साखरा एकत्र दिल्या तर इ. कोलाय आधी ग्लुकोज संपवतो. तोवर लॅक्टोज पचवायची जनुकं मिटलेली असतात. ग्लुकोज संपलं की तो थांबतो, ती जनुकं उघडतो, लागणारी प्रथिनं बनवतो, आणि मग पुन्हा वाढायला लागतो. ही शोधाची गोष्ट आहे म्हणाल्या, जिवाणू परिस्थिती बघून आपली जनुकं चालू-बंद करतात हे जगाला अशाच पायऱ्यांवरून कळलं. आजूबाजूला सगळे भराभर उतरवून घेत होते. मी तो आलेख आधी बघितला होता. जळगावला, खिडकीशेजारच्या टेबलावर, तुझ्या अक्षरातल्या आकड्यांवरून.

त्याच दिवशी एक अंतर्देशीय पत्र घेतलं. 'प्रिय जुलेखा' लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

सुट्टीत तुझ्याकडे आले तेव्हा सांगितलं, पण कसं? पुस्तकातली गंमत सांगावी तसं. तू सगळं काम बाजूला ठेवून ऐकलंस. मग म्हणालीस, "म्हणजे आमच्या चुलीसारखं. घरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आहेत तोवर अम्मी रॉकेलला हात लावू देत नाही. पऱ्हाट्या संपल्या की डबा शोधा, रांगेत उभे राहा, स्टोव्ह पुसा. तेवढा वेळ जेवण थांबतं. पण घर थांबलेलं नसतं."

मी म्हटलं, आलेखावर तर थांबलेलंच दिसतं. तू म्हणालीस, "आलेख बाहेरून बघतो." यावर आपण किती वर्षं भांडलो. मी म्हणायचे, वाढ नाही म्हणजे नाही. तू म्हणायचीस, त्या पाऊण तासात त्यांनी जितकं काम केलं तितकं आधी दिवसभरात केलं नसेल.

आणि मग तू तो प्रश्न विचारलास. मी तुला समजावत होते की त्या जनुकांवर एक प्रथिन बसलेलं असतं, वाट अडवून; लॅक्टोजपासून बनलेला एक तुकडा त्याला येऊन चिकटला की ते उठतं. शिवाय ग्लुकोज संपल्यावर भुकेचा म्हणून एक निरोप पेशीत फिरतो, तो आला की काम जोरात सुरू होतं. तू म्हणालीस, "थांब. लॅक्टोजला आत घेणारं दारसुद्धा त्याच मिटलेल्या जनुकातून बनतं ना? मग दार नसताना पहिलं लॅक्टोज आत आलं कुठून?" हा प्रश्न पुण्यात आमच्या वर्गात एकानंही विचारला नव्हता. मी परत जाऊन मॅडमना विचारला. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, ती जनुकं पूर्ण बंद कधीच नसतात, थोडी गळती असते, दोनचार दारं कायम तयार असतात. आणि मला म्हणाल्या, तू चांगला विचार करतेस. मी "थँक यू मॅडम" म्हटलं. आता मी शिकवते तेव्हा दर वर्षी वर्गाला तोच प्रश्न घालते. कोणाचा ते एकदाही सांगितलं नाही.

तर त्या सुट्टीत, सगळं ऐकून झाल्यावर, तुझा चेहरा कसा उजळला होता. "सुजा, मग माझं बरोबर होतं?"

मी म्हटलं, "कदाचित."

"कदाचित का? आणि तुझ्यात का नाही आली पायरी? बाटल्या तर त्याच होत्या."

"मी नवी बाटली फोडली असेन. आठवत नाही आता."

तू बाजूला ठेवलेलं काम परत पुढे ओढलंस. मग म्हणालीस, "हो, तसंही असेल." तुला तेव्हा कळलं होतं का गं? कळून तू मला वाट करून दिलीस का? या एका प्रश्नावर मी आता रोज बसते. उठता येत नाही.

पुढे आठ-नऊ वर्षं माझ्या आलेखाचा विषय निघाला नाही. तो या महिन्यात फोनवर तूच काढलास. "तुझ्याकडे आता स्वतःची लॅब आहे. दोन्ही साखरा आहेत. परत लावू. मला एकदा माझ्या हातांनी बघायचंय." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर हात पुसले, इतका घाम आला होता.

तुझ्या घरी मी दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सलीम म्हणाला, "दीदी, वो तीन कल्चर पडे हैं. पेशंट आए तो क्या बोलूँ?" मी इन्क्युबेटर उघडला. तू मंगळवारी लावलेल्या प्लेटवर वसाहती वाढल्या होत्या, गोल, स्वच्छ, तू ओढलेल्या रेघांवरून एका ओळीत. मला ते बघवेना. इकडे काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तू त्यांना ऊब दिलीस, अन्न दिलंस, ते वाढले. मी खुर्चीत बसले नाही, उभ्यानंच तिन्ही वाचल्या.

मग नोंद करायला तुझं रजिस्टर उघडलं. प्रत्येक आकड्यापुढे बरोबरच्या तीन खुणा. प्रत्येक. साध्या हिमोग्लोबिनपुढेसुद्धा. पान उलटलं, तीन खुणा. मागची वही काढली, तीन खुणा.

तुझे अब्बा, माझे चाचा, गाद्यांच्या ढिगाशी बसले होते. मी विचारलं, "चाचा, हे तीन-तीनदा कशाला?"

"वो हर चीज तीन बार देखती थी. डाक्टर लोग इसी वास्ते उसके पास भेजते थे." मग शेजारी बसलेल्या माणसांना अभिमानानं सांगावं तसं म्हणाले, "कालेज में एक बार गलती हुई थी उससे. बोलती थी, अब्बा, मेरी आँख पर मेरा भरोसा नहीं."

खोलीत सात-आठ माणसं होती. मी उभी होते. माझ्या तोंडून आवाज निघाला तो मलाच मोठा वाटला.

"तिची चूक नव्हती, चाचा. तिचं खरं होतं. मी खोटं बोलले होते."

मी सगळं सांगितलं. फ्लास्क, जर्नल, सर, दोन शब्द. लोकांना निम्मं कळलं नसेल. चाचांना कळलं. त्यांनी हातातला कापसाचा तुकडा खाली ठेवला.

"उसकू मालूम था?"

"नाही. म्हणजे मला माहीत नाही."

"तो अब हमकू क्यों बता रही, बेटी?"

आत अम्मी रडायची थांबली होती. मला वाटलं आता निघून जावं. पिशवी घेतली, चपला घातल्या. चाचा माझ्यामागे स्टँडपर्यंत आले, दोन पावलं मागे. गाडी लागली. मी चढताना त्यांनी विचारलं, "वो जो उसने देखा था, वो तू मेरेकू दिखा सकती?"

म्हणून रविवारी ते आले. ज्या रविवारी तू येणार होतीस त्या रविवारी, धुतलेला पायजमा, टोपी, हातात काही नाही. पहिल्या गाडीनं निघून आले होते. मी त्यांना बघितलं आणि क्षणभर त्यांच्या मागे बघितलं, तू अजून फाटकातून का येत नाहीस म्हणून. ते दारात पोचेपर्यंत तूही दिसशील, या तयारीत मी होते.

तुझ्याच प्रमाणात साखरा तोलल्या. चाचांनी फ्लास्क धरला. दर पंधरा मिनिटांनी मी द्रावण काढायचे, ठेवायचे, काटा वाचायचे. प्रत्येक वेळी ते वाकून बघायचे. त्यांना आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. "चढ रहा," ते म्हणायचे. आलेखावर टिंब मी त्यांच्यासमोर द्यायचे.

दुपारी काटा थांबला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी चाचा माझ्याकडे वळले. बारा दिवसांपूर्वी मुलीला माती देऊन आलेला माणूस. त्यांनी विचारलं, "मर गए क्या?"

मग मी म्हटलं, "नाही चाचा. जिवंत आहेत. पऱ्हाट्या संपल्यात. रॉकेलच्या रांगेत उभे आहेत."

त्यांनी एकदम मान वर केली. ते शब्द कोणाचे हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आम्ही दोघं उभे राहिलो. मी इतकी वर्षं मुलांना ही पायरी फळ्यावर काढून दाखवलेली, दोन इंचाची सरळ रेघ. उभं राहून ती किती लांब असते ते मी विसरले होते. तूच बरोबर होतीस. आत केवढं काम चाललेलं असतं ते बाहेर उभ्या माणसाला दिसत नाही. आपलं भांडण मी हरले, जुलेखा, आणि तुला कळवायला जागा नाही.

मग काटा हलला. केसभर.

"काँटा हिला," चाचा म्हणाले. पुढच्या वेळी मी वाचायच्या आधीच त्यांनी आकडा सांगितला. बरोबर होता.

ते स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उसने यही देखा था?"

"हेच."

"और तूने बी देखा था. उसके बाजू में."

"हो चाचा. मीपण बघितलं होतं."

ते रडले नाहीत. मला माफ केलं असं म्हणाले नाहीत. मी मागितलीही नाही माफी, ती त्यांच्याकडे मागायची नव्हती. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी आलेखाकडे बोट दाखवलं, "ये मेरेकू दे." मी दिला. खाली तुझं नाव लिहून दे म्हणाले. मी तुझं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी बोटानं ते नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, कागदाची चार पदरी घडी केली आणि आतल्या खिशात ठेवली.

सोमवारी विभागाच्या वहीत त्या प्रयोगाची नोंद करायची होती, ती केली; आलेखाची जागा रिकामी ठेवली. मी आमच्या जुन्या सरांना पत्र लिहायला घेतलं आहे. ते आता निवृत्त आहेत, त्यांना ते पान आठवणारही नाही. तरी पाठवणार. यावेळी 'आदरणीय सर'च्या पुढे लिहून झालंय.

आलेख चाचांकडे आहे. मी दुसरा काढला नाही.